एकोणीस नंबरची बेल

तिला ऑफिसात हजेरीबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण तिला ते ठाऊक आहे, आणि तिला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, त्यामुळे सगळं सुरळीत चाललेलं असतं. हे नाव पडलं ते तिच्या एका खोडीवरून. एखाद्या ठिकाणचा जुना सर्व्हर काढून नवा बसवायचा असला की बाकीचे इंजिनिअर खुर्चीतून हलत नाहीत. समोर स्क्रीनवर यादी असते. यादीतले ठिपके हिरवे झाले की ते चहा सांगतात आणि घरी जातात. ही मात्र क्लिपबोर्ड घेते, पेन्सिल कानामागे खोचते आणि इमारतभर हिंडते. प्रत्येक खोलीत जाऊन, तिथे वायरीला किंवा हवेतल्या नेटवर्कला लटकलेलं जे काही असेल त्याच्यापुढे उभी राहून, ते नव्या मशीनशी बोलतंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघते आणि खूण करते. प्रिंटर, दाराचं कुलूप, भिंतीवरचं घड्याळ, कशाला म्हणून सूट नाही.

"अहो मॅडम, यादीत सगळं हिरवंच आहे की," नव्याने लागलेले इंजिनिअर म्हणतात.

"जे यादीतच नाही ते हिरवं कुठून दिसणार?" ती म्हणते, आणि पुढच्या खोलीत जाते.

एक दिवसाचं काम तिला तीन दिवस पुरतं. साहेब कुरकुरतात, पण नोकरीवरून काढत नाहीत, कारण तिने बसवलेल्या ठिकाणाहून पुन्हा कधी फोन येत नाही. आणि खरं सांगायचं तर साहेब तिला थोडे घाबरूनही असतात. ठिपके हिरवे असताना पायऱ्या चढणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे अजून कुठल्या साहेबाला कळलेलं नाही.

घरीही तिची तीच तऱ्हा. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सासूबाईंनी भिंतीवर एक टकटक केली की ही हातातलं लाटणं टाकून दारात हजर. बिचाऱ्या म्हातारीला कधीकधी उगाच भिंतीला हात लागलेला असतो. "अगं, मला जरा एकटीला कूस तरी बदलू दे," त्या वैतागून म्हणतात. हजेरीबाई मान डोलावते आणि पुढच्या टकटकीला पुन्हा तशीच धावते. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळं घर आडवं होतं, तेव्हा ही एकटी उभी असते. कपाट आवर, खिडकी पूस, काहीही. एक वाजून दहापासून एक वाजून बावन्नपर्यंत तिला बसवत नाही. नवऱ्याने पहिली काही वर्षं विचारलं, मग नाद सोडला.

हे सगळं नऊ वर्षांपूर्वी सुरू झालं.

तेव्हा ती चौतिशीत होती, अंगात उत्साह होता आणि डोक्यात मास्तरांची शिकवण होती. मास्तर म्हणजे तिला ह्या धंद्यात तयार करणारा माणूस. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालेला, तोंडाचा फटकळ, हाताचा पक्का. जुनं मशीन बंद कसं करायचं, ह्याबद्दल त्यांचा एक नियम होता. "कुठल्या मशीनवर काय काय अवलंबून आहे, हे कागदावर कधीच पुरतं लिहिलेलं नसतं," ते म्हणायचे. "लिहिणारे आळशी असतात. तेव्हा मशीन चालू ठेव, फक्त नेटवर्कची वायर उपस. आणि बस. कुणाचं काही अडलं तर तो बोंबलत येईल. तीन दिवसांत कुणी बोंबललं नाही, तर ते मशीन मेलेलंच होतं असं समज आणि आतलं सगळं पुसून टाक." ह्याला ते बोंब चाचणी म्हणत. नियम काही त्यांनी शोधून काढलेला नव्हता. ह्या धंद्यात सगळे तसंच करतात, आजही करतात.

काम होतं एका शुश्रूषागृहाचं. दोन मजले, साठ खाटा, बहुतेक सगळे वयस्क आणि आजारी. छताला वाय-फायच्या पांढऱ्या तबकड्या चिकटवलेल्या होत्या, तेवीस. फोन, कॉम्प्युटर, औषधांची नोंद ठेवायच्या हातातल्या स्क्रीनच्या पाट्या, सगळं त्या तबकड्यांतून नेटवर्कवर जायचं. तबकड्यांना स्वतःची अक्कल फार नसते. कुणी कुठल्या वाटेने जायचं, कुठल्या तबकडीने किती जोरात बोलायचं, हे त्यांना कंट्रोलर नावाचं सॉफ्टवेअर सांगतं. ते कंट्रोलर जिन्याखालच्या एका खोलीत, फरशी पुसायच्या बादल्यांच्या शेजारी ठेवलेल्या जुनाट सर्व्हरवर चालत होतं. त्याचा पंखा असा खडखडायचा की सफाईवाल्या बाई त्याला धपाटा घालून मग बादली उचलत.

ठरलं असं, की तिथल्याच ऑफिसात नवा दणकट सर्व्हर आणायचा आणि त्याच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन तयार करून कंट्रोलर तिथे हलवायचं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे मशीनचं सोंग. एका खऱ्या मशीनच्या पोटात अशी पाच-सहा सोंगं सुखाने नांदतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत. हजेरीबाईने गुरुवारी सोंग उभं केलं. त्याला मेमरी वाटून दिली, कायमचा पत्ता दिला, घड्याळ बाकी सगळ्या मशीनांशी सेकंदापर्यंत जुळवून घेतलं. घड्याळाच्या बाबतीत ती तेव्हाही काटेकोर होती. मग कंट्रोलर बसवलं. त्याच्या खालचा डेटाबेस दोनदा रुसला, तिसऱ्यांदा उठला. जुन्या सर्व्हरवरची सगळी माहिती आणून त्यात ओतली आणि तेवीस तबकड्यांना एकेक करून नव्या कंट्रोलरच्या पदरात घातलं. शुक्रवारी साडेदहाला यादीतले तेवीसच्या तेवीस ठिपके हिरवे होते. अकरा वाजता तिने जिन्याखाली जाऊन जुन्या सर्व्हरची वायर उपसली आणि बोंबेची वाट बघत बसली.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती. मागच्या पॅसेजमधल्या आठ खोल्यांची भिंत फोडता येत नव्हती म्हणून तिथल्या बेलला वायर नव्हती. गळ्यात किंवा मनगटाला अडकवायची बटणं होती, दाबलं की नेटवर्कवरून सिस्टरच्या डेस्कवर बेल वाजायची. बाईने त्यातलं एक बटण दाबूनही बघितलं. बेल वाजली. शनिवारी तिने फोन करून विचारलं, "कुणाची काही तक्रार?" मॅनेजर म्हणाले, काही नाही. रविवारी तिने फोन केला नाही, कारण रविवार होता.

तिला माहीत नसलेली गोष्ट एवढीच होती. जुन्या सर्व्हरवर कंट्रोलरशिवाय आणखी एक छोटा प्रोग्रॅम चालत होता. आधीच्या कुणा इंजिनिअरने तो फक्त त्या आठ बटणांसाठी टाकला होता आणि कुठेही लिहून ठेवला नव्हता. द्वारपालाचं काम करायचा तो. बटणांनी दर अठ्ठेचाळीस तासांनी त्याच्याकडे नव्याने परवानगी मागायची, त्याने ती द्यायची. शुक्रवारी अकराला वायर निघाली तेव्हा आठही बटणांच्या खिशात ताजी परवानगी होती. रविवारी सकाळी ती संपली. बटणांनी परवानगी मागितली, पलीकडे कुणी नव्हतं.

त्या पॅसेजमध्ये कुणी बोंबललं नाही. का बोंबलतील? रविवार म्हणजे भेटीला येणाऱ्यांचा दिवस, बहुतेक खोल्यांत मुलंबाळं बसलेली. ज्यांच्याकडे कुणी आलं नव्हतं ते नेहमीसारखे दारातून "ओ सिस्टर" म्हणून हाक मारत होते. त्यांना बटणापेक्षा गळा जवळचा वाटे. एकोणीस नंबरच्या आजींचं तेवढं वेगळं होतं. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं, आवाज गेलेला.

सोमवारी सकाळी दहाला बाई जुना सर्व्हर पुसायला आली. पुसण्याआधी सहज म्हणून मागच्या पॅसेजला गेली आणि एका रिकाम्या खोलीतलं बटण तिने दाबलं. बटणावर लाल ठिपका लुकलुकला. डेस्कवर काही वाजलं नाही. तिने पुन्हा दाबलं. ठिपका लुकलुकला, पॅसेज शांत. ती जिन्याखाली धावली, बादली लाथेने बाजूला सारली आणि वायर परत खोचली.

मिनिटभरात वर बेल वाजायला लागली. ती वर आली तेव्हा सिस्टर डेस्कमागे उभ्या होत्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट धरलेला. बेल थांबे आणि पुन्हा वाजे. डेस्कवरच्या पॅनेलवर आकडा पेटला होता, एकोणीस.

"एकोणीसमध्ये कुणी नाहीये," सिस्टर म्हणाल्या. "आजी काल गेल्या. दुपारी. खोली धुऊन ठेवलीय."

बेल वाजतच राहिली. पॅसेजमधल्या मावशी दारातच थबकल्या. शेवटी सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता. बाईने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी आणून दिलं. मग ती जिन्याखाली गेली, जुन्या सर्व्हरवर शोधता शोधता तिला तो द्वारपाल सापडला, आणि तिने त्याची नोंदवही उघडली.

बटण हुशार होतं. जोडणी नसली तर दाबल्याची नोंद ते स्वतःपाशी साठवून ठेवायचं आणि जोडणी आली की सगळी एकदम पाठवायचं, वेळेसकट. दोन नोंदी तिने सकाळी दुसऱ्या खोलीत दाबलेल्या होत्या; बाकी एकतीस एकोणीस नंबरच्या, सगळ्या रविवारच्या. पहिली एक वाजून दहा मिनिटांची. मग एक पंधरा, एक एकोणीस, एक चोवीस. म्हणजे शहाण्या माणसासारखं चाललं होतं, दाबायचं आणि सिस्टर हातातलं काम टाकून येतील म्हणून थांबायचं. लाल ठिपका लुकलुकत असणार, त्यामुळे बेल वाजतेय अशीच त्यांची समजूत असणार. दीडनंतर नोंदी दाट होत गेल्या. एक चाळीसच्या पुढे तर एकीला एक लागून. शेवटची एक बावन्नची. प्रत्येक नोंदीत बटण कधी दाबलं आणि कधी सोडलं, दोन्ही वेळा असतात. एक बावन्नला दाबलेलं बटण सोडलं गेलं होतं तीन वाजून सहा मिनिटांनी.

घड्याळ चुकीचं असेल असं म्हणायची सोय नव्हती. घड्याळं तिनेच जुळवली होती.

ह्यानंतर तिने जे केलं ते काही फार मोठं नव्हतं. द्वारपाल नव्या व्हर्च्युअल मशीनवर हलवला, आठही बटणं दाबून पाहिली, आठही वाजली. मग कामाच्या कागदावर शेवटचा मुद्दा होता, जुना सर्व्हर पुसणे. तो तिने पुसला. नोंदवही त्यातच होती. खाली सही करायच्या जागी एक छापील ओळ होती, चाचणीच्या काळात आलेल्या तक्रारी. तिच्यापुढे तिने लिहिलं, नाही. मॅनेजरने न वाचता सही केली. कुणी तिला काही विचारलं नाही. आजी चौऱ्याऐंशीच्या होत्या, हृदय आधीच थकलेलं. घरच्यांना सांगितलं गेलं, झोपेत गेल्या.

एकदा ती मास्तरांकडे गेली होती सांगायला. ते तेव्हा आजारी होते, उशीला टेकून बसलेले. तिने सुरुवात केली, "मास्तर, एका कामात बोंब चाचणी केली, तर..." त्यांनी मध्येच तोडलं. "बोंब आली?" तिने सांगितलं, नाही. "मग झालं तर," ते म्हणाले आणि दुसरंच काही बोलायला लागले. महिन्याभरात ते गेले, आणि तिला सांगायला कुणी उरलं नाही.

शुश्रूषागृहात मात्र गोष्ट वाढत गेली. एकोणीस नंबरची बेल वाजते म्हणे. आजी रागावून गेल्यात म्हणे. खोलीत कुणी राहायला तयार होईना, शेवटी तिथे चाकाच्या खुर्च्या ठेवायला लागले. वर्षातून एकदा देखभालीला गेली की बाईला मावशी हे सगळं रंगवून सांगत. ती ऐकून घेई. ते भूत कुठून आलं हे जगात तिला एकटीला माहीत होतं आणि तिने ते तसंच राहू दिलं. भूत असलं की इंजिनिअर कुणी शोधत नाही. हा हिशेब आपण मनाशी केला होता, ह्याची तिला नंतर जितकी लाज वाटली तितकी आणखी कशाची वाटली नाही.

रात्री अंधारात पडल्यावर ती स्वतःची समजूत घाले. आजींना पाणी हवं असेल. पडदा ओढून हवा असेल. दाबून दाबून कंटाळल्या असतील आणि मग लागला असेल डोळा, गेल्या असतील झोपेतच. शेवटचं बटण तासाभराने का सुटलं? चादरीची घडी बसली असेल वर. ह्या चादरीच्या घडीवर तिने नऊ वर्षं काढली.

गेल्या महिन्यात तिला एका इस्पितळाचं काम मिळालं. पाच मजले, शेकडो तबकड्या. दोन सर्व्हर आणि त्यांच्यावर मिळून तीन व्हर्च्युअल मशीनं, प्रत्येकावर तेच कंट्रोलर, म्हणजे एकाने मान टाकली तर दुसऱ्याने सांभाळायचं. तीन दिवस बसवण्यात गेले, चौथ्या दिवशी जेवणानंतर ती क्लिपबोर्ड घेऊन तिसऱ्या मजल्यावर आली. डेस्कवरचं पॅनेल शांत होतं, पण मजल्याच्या मुख्य सिस्टर एकेका खोलीत डोकावत चालल्या होत्या. पार टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि लगेच पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, तरी तिने चालण्यावरून ओळखलं, शुश्रूषागृहातल्या त्याच त्या.

सिस्टरनीही ओळखलं. "तुम्ही त्या सर्व्हरवाल्या ताई ना? जिन्याखाली असायच्या."

"हो. तुम्ही इथे कधीपासून?"

"आठ वर्षं झाली. तिथे नाही राहवलं." कपड्यांच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालायच्या होत्या, दोघी तिकडे गेल्या. तिथे दोन स्टुलं होती. सिस्टर उभ्याच राहिल्या.

"बसा की," हजेरीबाई म्हणाली.

"दुपारी नाही बसत मी. पोरी हसतात मला. बेल वाजली की जायचं सोडून ही बाई फेऱ्या काय मारते म्हणतात." त्यांनी एक टॉवेल झटकला. "तुम्हाला एकोणीस नंबर आठवतो?"

हजेरीबाईने मान डोलावली.

"त्या दिवशी मी डेस्कवरच होते. जेवून बसलेले. डुलकी लागली असं मला वाटत नाही. पण मग बेल ऐकू कशी नाही आली? मी कान तपासून घेतले. एक सोडून तीन डॉक्टर केले. तिघं म्हणाले, कान उत्तम आहेत. चौथ्याकडे गेले नाही."

"का?"

"कान चांगले असले तर दुसरं एकच उरतं ना? ऐकू आली होती आणि मी उठले नाही. जेवणानंतर अंग जड होतं, ते एक कारण." त्या घडी घालत होत्या, अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून. "दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या खोलीतून वाजली तेव्हा मी समजले, आजी मलाच विचारतायत."

नऊ वर्षांत हजेरीबाईला भीती होती ती नोकरीची, नावाची, कधी पोलिसांचीसुद्धा. आपल्या वाट्याची शिक्षा दुसरं कुणी भोगत असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. यादीत नसलेल्या गोष्टी शोधत हिंडणारी बाई ती, आणि हे माणूस तिच्या यादीत नव्हतं.

"सिस्टर," ती म्हणाली, "बेल वाजलीच नव्हती."

आणि तिने सांगितलं. वायर, द्वारपाल, अठ्ठेचाळीस तास, बटणाने साठवून ठेवलेल्या नोंदी, सोमवारी सगळ्या एकदम का वाजल्या. अवघड शब्द तिने टाळले, पण काही लपवलं नाही. पुसलेला सर्व्हर आणि 'नाही' लिहिलेला कागदही सांगितला.

सिस्टरनी हातातली घडी पूर्ण केली. "म्हणजे माझे कान."

"चांगले आहेत."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"सोमवारी सकाळपासून."

"कुठल्या सोमवारी?"

"त्याच."

"त्या सोमवारी मी तुमच्यासमोर रडले होते," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही मला पाणी आणून दिलं होतंत."

"हो."

सिस्टर स्टुलावर बसल्या. रागावल्या असत्या, अंगावर ओरडल्या असत्या तर हजेरीबाईला बरं वाटलं असतं. त्यांनी मांडीवरच्या टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग त्यांनी विचारलं, "किती वेळा दाबलं होतं त्यांनी?"

"एकतीस. शेवटचं एक बावन्नला. ते मात्र तीन वाजून सहा मिनिटांनी सुटलं. चादरीची घडी वगैरे बसली असेल वर."

"घडी नव्हती," सिस्टर म्हणाल्या. "त्यांचा अंगठा होता. मी गेले तेव्हा डोळे उघडे होते आणि अंगठा बटणावर दाबलेला होता. ताठ झाला होता. मी तो सोडवला आणि बटण टेबलावर ठेवलं, आणि मग सगळ्यांना बोलावलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला सांगितलं, झोपेत गेल्या."

हजेरीबाईने भिंतीला हात लावला. पाणी, पडदा, लागलेला डोळा, सगळं एका क्षणात गेलं आणि परत यायचं नव्हतं. दोघींनी अर्धं अर्धं वाटून घेतलं होतं आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. आता पूर्ण झालं होतं, आणि ते तिच्या अंगावर पडलं होतं. पडायलाच हवं होतं, असंही तिला त्याच वेळी वाटलं.

"ती मुलगी मला दर वर्षी फोन करते," सिस्टर म्हणाल्या. "त्या तारखेला. आईचं तुम्ही खूप केलंत, म्हणते. मग दर वेळी विचारते, झोपेतच गेली ना? मी हो म्हणते. फोन ठेवल्यावर मला दोन दिवस जेवण जात नाही." त्यांनी खिशातून फोन काढला आणि नंबर शोधला. "ह्या वर्षी मी हो म्हणणार नाही. आणि तोवर थांबायची माझ्यात ताकदही नाही. तुम्ही बोला."

"आत्ता?"

"नऊ वर्षं तुम्ही थांबलात की."

त्यांनी फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडे दोनदा वाजला.

"सिस्टर? आज तुम्ही कसा काय फोन केलात?" मुलीचा आवाज. मुलगी म्हणजे तीही साठीची असावी.

"मी सिस्टर नाही," हजेरीबाई म्हणाली. "त्या इथे शेजारीच आहेत. मी तिथे नेटवर्कचं काम करायला आले होते, तुमच्या आई होत्या तेव्हा. त्या बेलबद्दल मला तुम्हाला सांगायचंय." आणि तिने दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. ह्या वेळी अंगठ्याचंही सांगितलं. सांगताना तिचा आवाज दोनदा गेला, दोन्ही वेळा मुलीने वाट पाहिली.

बोलणं संपलं. मागे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"माझी आई दुपारी कधी झोपली नाही," मुलगी म्हणाली. "पन्नास वर्षं शिवणकाम केलं तिने. दुपारचा उजेड वाया घालवायचा नाही, म्हणायची. आजारातसुद्धा नाही झोपली. झोपेत गेली म्हणाले सगळे, आणि मी म्हटलं, माझी आई? दुपारी? माझे भाऊ म्हणाले, आता उगाच काही काढू नकोस. म्हणून मी दर वर्षी सिस्टरना विचारत होते. कधीतरी एकदा त्या नाही म्हणतील, म्हणून."

शेजारी उभ्या राहून ऐकणाऱ्या सिस्टरनी तोंडावर टॉवेल धरला.

हजेरीबाईने माफी मागितली. ती कशी मागायची हे तिने नऊ वर्षं मनात घोळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. "माझी चूक झाली, मी लपवलं," एवढंच म्हणता आलं.

"ते आपण नंतर बोलू," मुलगी म्हणाली. त्यात राग होता, आणि तो जाणार नव्हता हेही कळत होतं. "एकतीस वेळा दाबलं म्हणालात. त्याच्या वेळा आहेत का तुमच्याकडे?"

"आहेत."

"लिहून ठेवल्यात?"

"पाठ आहेत."

"मग मला सांगा. सगळ्या. पहिल्यापासून." मुलीने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "घाई करू नका. मी इथेच आहे."

हजेरीबाईने डोळे मिटले.

"एक वाजून दहा," ती म्हणाली.

"हं," मुलगी म्हणाली.

"एक पंधरा."

"हं."